अक्काने धाडलेले मेंढीचे बूट

तंजावूर,
१७ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप हिराक्काच्या पायांवर धाकट्या चिदंबराचे डोके.

अक्का, तुझ्या गुडघ्यांनी यंदाचा मेलबर्नचा हिवाळा कसा काढला ते आधी कळव, मग बाकीचे. (तुमचा हिवाळा आमच्या उन्हाळ्यात येतो हे मला अजून पटत नाही. आम्ही घामाने निथळत असताना तू शाल पांघरून बसलेली आहेस असे मनात आणले की तू माझी चेष्टा करते आहेस असेच वाटते.) चि. सुरेंद्र व सूनबाई मजेत असतील. येथे आम्ही सगळे ठीक. माझी साखर डॉक्टरांच्या मते पथ्य न पाळल्याने, भागीरथीच्या मते काफीमुळे आणि माझ्या मते आपल्या वडिलांमुळे वाढलेली आहे. भागीरथीची तब्येत उत्तम, आवाजही उत्तम. लावण्या कंप्यूटर शिकली आणि आता त्याच वर्गात दुसऱ्यांस शिकवते. त्यामुळे घरात इंग्रजी फार वाढले आहे, तमिळ होते तेवढे आहे, आणि आपली मराठी तिच्या तोंडी जेवायला बसताना आणि भांडताना तेवढी उरली आहे. तरी मी समाधानी आहे, कारण ती भांडते पुष्कळ.

तू पाठवलेले मेंढीचे बूट पोचले हे मी मागे कार्डावर कळवलेच होते. त्यानंतर काय काय झाले ते कार्डावर मावण्यासारखे नव्हते म्हणून गप्प राहिलो. आता सगळे निवळले आहे, पाऊस लागला आहे, बाहेर जायची सोय नाही, तेव्हा सविस्तर लिहितो. तू चहा घेऊन बस. (काफी तिकडची पिण्यासारखी नसते असे तूच लिहिले होतेस.)

पार्सल आले ते पंगुणी संपता संपता, ऊन नुकते तापायला लागले होते तेव्हा. पोस्टमन सूर्यनारायण ते खोके डोक्यावर घेऊन आपल्या गल्लीत शिरला आणि प्रत्येक दारात थांबून, कोणाकडून आले, किती जड आहे, हे सांगत आला. आमच्या दारच्या ओट्यावर, तिण्णैवर, येईपर्यंत अर्धी गल्ली त्याच्या मागे होती. हल्ली परदेशातून खोके आले म्हणजे त्यात टेप, कॅमेरा नाहीतर भात शिजवायचे यंत्र असणार अशी लोकांची समजूत झालेली आहे. मी दोरी कापली, कागद काढले आणि आतून ते दोन निघाले. मधासारख्या रंगाचे, पोटरीपर्यंत उंच, बोजड, तोंडातून लोकर बाहेर आलेली. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने विचारले, “आता हे शिजवायचे कसे?”

तुझी चिठ्ठी आत होतीच. तू लिहिले होतेस की तिकडे लोक हे घरात घालतात, फार तर फाटकापर्यंत पेपर आणायला जातात, पण बाजारात घालून जात नाहीत, सूनबाई म्हणते फार गबाळे दिसते. तुझा हा उपदेश मी पाळला नाही. सगळे त्यातूनच झाले.

पहिला तंटा घरातच. भागीरथी म्हणाली, चामडे उंबऱ्याच्या आत येणार नाही. मी म्हणालो, तू स्वयंपाकाला नेसतेस ती धाबळी कशाची? लोकरीची. लोकर सोवळ्यात चालते, मग त्याच मेंढीचे कातडे का चालू नये? ती म्हणाली, मेंढी लोकर देते आणि जगते, कातडे देऊन जगत नाही. मी म्हणालो, मृगाजिनावर बसून आपले आजोबा जप करीत, ते हरिण काय तिण्णैवर बसून बघत होते? यावर ती जरा थांबली. (अक्का, एवढ्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा पाहिले.) शेवटी तिने निकाल दिला की बूट आतून सोवळे आणि बाहेरून ओवळे आहेत, तेव्हा ते मी ओटीवरच्या झोपाळ्यापर्यंत गोणपाटावरून चालत आणावेत, त्यापुढे नाही. गोणपाट तिनेच अंथरले. अजून आहे.

आता खरे सांगतो. त्या दिवशी दुपारी सगळे पांगल्यावर मी झोपाळ्यावर बसून ते बूट चढवले. माझ्या पायांचे तुला ठाऊक आहेच. एक तर आग होते, नाहीतर काहीच कळत नाही. माघात मोठ्या देवळात प्रदक्षिणा घातली तेव्हा दगड तापलेला आहे हे मला घरी येऊन फोड दिसल्यावर समजले. डॉक्टर रागावले, म्हणाले, अनवाणी एक पाऊल टाकायचे नाही, मऊ आणि बंद असे काहीतरी घाला. येथल्या दुकानांतले सगळे बंद जोडे मी घालून पाहिले, सगळे चावतात. ते तुझे बूट घातले आणि पाय असे शांत झाले की ते माझे नाहीत, कोणा भाग्यवंताचे आहेत असे वाटले. उकडेल म्हणून भीती होती, तर तेही नाही. मी झोपाळ्यावर तसाच झोपलो. कित्येक महिन्यांत दुपारची अशी झोप लागली नव्हती.

पण पायांना जे आवडते ते लोकांना आवडत नाही. मी ते घालून पहिल्या दिवशी गल्लीत उतरलो तर कुत्री मागे लागली, भुंकत नव्हती, नुसती हुंगत होती. रघोजी (राजवाड्याच्या बोळात ज्याचे वहाणांचे दुकान आहे तो, तुझ्या लग्नात ज्याने पंगतीत दोनदा जेवून घेतले तोच) दुकानाच्या पायरीवर बसला होता. मला बघून त्याने हात जोडले आणि म्हणाला, “चिदंबरपंत, दोन मेंढ्यांत पाय घालून कुठे निघालात?” लावण्या माझ्याबरोबर होती. ती म्हणाली, “अप्पा, मी पुढे जाते, तुम्ही मागून या,” आणि इतकी पुढे गेली की ती मला थेट संध्याकाळी घरी भेटली.

त्यानंतर ओरत्तनाडुचा प्रकार. आपल्या त्या चतकोर शेतात कापणीनंतर खतासाठी मेंढरे बसवतात, ते बघायला मी बसने गेलो. बांधावर जाऊन उभा राहिलो, मेंढपाळाशी बोललो, सगळे नीट होते. परत निघालो तर एक कोकरू माझ्या बुटांना नाक लावून चालू लागले. मी हाकलले, ते थांबले, मी चाललो, ते चालले. मेंढपाळ हाका मारतो आहे, ते ढुंकून बघत नाही. सत्राच्या धर्मशाळेसमोरच्या थांब्यावर बस उभी होती. मी चढलो, तर तेही पायरीवर दोन पाय ठेवून उभे. सगळी बस खिडक्यांना लागली. कंडक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “अय्या, बाळाचेही तिकीट घ्या.” मी ज्या तालुका कचेरीत पंचवीस वर्षे काढली तिथलेच दोन कारकून त्या बसमध्ये होते. ज्यांच्या रजा मी नामंजूर केल्या होत्या असे. ते किती हसले म्हणून सांगू.

मी बूट काढून ठेवले. जुन्या वहाणा घातल्या, पुन्हा टाच फुटली, आणि मग मी बाहेर जाणेच सोडले. सरस्वती महालाच्या वाचनालयात रोज सकाळी जाऊन बसायचा माझा नेम, तोही मोडला. अक्का, निवृत्त माणसाने घरात बसू नये. डब्यात किती उडीद डाळ आहे हे त्यास कळू लागते, आणि कळले की तो बोलू लागतो. भागीरथीने काही दिवस सोसले. मग एके सकाळी तिने बूट स्वतः (काठीने ढकलत) माझ्यापुढे आणून ठेवले आणि म्हणाली, “हसतील ते हसू देत. तुम्ही बाहेर जा.”

म्हणून चित्तिरैच्या ऐन उन्हात त्याच दिवशी मी मागच्या बोळाने, भिंतीच्या सावलीतून, कोणी बघत नाही असे पाहून राजवाड्यात गेलो. तर तिथे सिनेमाचे शूटिंग! वाचनालयाच्या वाटेवर दोरी बांधलेली, अंगणात छत्र्या, आरसे, तारा, आणि मधोमध नायिका भरतनाट्यमच्या पूर्ण साजात उभी. (नाव लिहीत नाही. लावण्या म्हणते तुम्हांस तिकडे कळणार नाही, आणि मला तर ते इकडेही ठाऊक नव्हते.) डोक्यावर ऊन, पायांखाली फरसबंदी. ती दोन ओळी नाचे, मग पळत जाऊन चटईवर उभी राही आणि तळवे वर करून बघे. तिची आई छत्री घेऊन तिच्यामागे धावत होती. थोड्या वेळाने नायिका खुर्चीत बसली आणि रडू लागली. तळव्यांना फोड आले होते. कोणी बर्फ आण म्हणतो, कोणी डॉक्टर म्हणतो, आणि दिग्दर्शक सूर्याकडे बघून ऊन चालले, ऊन चालले म्हणून ओरडतो आहे.

त्या आईचे लक्ष माझ्याकडे गेले. म्हणजे माझ्याकडे नव्हे, खाली. ती दोरी ओलांडून आली आणि म्हणाली, “अय्या, हे आतून मऊ आहेत का?” मी म्हणालो, आहेत. पुढे काय झाले ते मला नीट आठवत नाही, पण मी बूट काढून दिले आणि त्या पोरीने ते पायांत घातले. तिने डोळे मिटले. अक्का, ओटीवरच्या झोपाळ्यावर मी ज्या तऱ्हेने मिटले होते त्याच तऱ्हेने. त्या क्षणी मला ती आपल्याच घरातली वाटली. मग दिग्दर्शकाने ठरवले की पाय दिसणार नाहीत असे काढू, आणि उरलेले अर्धे गाणे ती मेंढीच्या बुटांत नाचली. घुंगरू वरून बांधले.

मी मात्र दगडावर अनवाणी. उपरणे खाली टाकून त्यावर उभा राहिलो, सावली होती तरी जमीन तापलेलीच असणार, मला कळत नव्हते एवढेच. तेवढ्यात एक सडपातळ मुलगा गळ्यात कॅमेरा अडकवून आला, आपल्या रबरी चपला काढून माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि गेला. मी हाक मारली तर म्हणाला, “माझे काम उड्या मारायचेच आहे, अय्या,” आणि खरोखरच दुपारभर तो एका पायावरून दुसऱ्यावर नाचत फोटो काढीत होता. कोण्या तमिळ साप्ताहिकाचा फोटोग्राफर. नाव कार्तिकेयन, मायावरमचा.

त्याने काढलेला फोटो पुढच्या आठवड्यात अख्ख्या पानभर छापून आला. नायिका छत्रीखाली बसलेली, दागिने, गजरा, कपाळी चंद्रसूर्य, आणि खाली ते दोन बूट. खाली ओळ होती की मुंबईची ही नवी फॅशन आता इकडेही आली. तो अंक मला द्यायला कार्तिकेयन स्वतः आला. दार लावण्याने उघडले. मी आतून कोण ते विचारले, तर बराच वेळ उत्तर नाही.

मग जे सुरू झाले त्यास मी जबाबदार नाही. आधी लावण्याच्या वर्गातल्या दोन मुली बूट बघायला आल्या. मग लावण्यानेच, जी माझ्याबरोबर चालत नव्हती तिनेच, एका दिवसासाठी ते मागितले. मोठे होतात म्हटले तर म्हणाली, तसेच घालतात, मोठेच. त्यानंतर पोरी रघोजीच्या दुकानात जाऊन विचारू लागल्या. रघोजीचे दुकान त्या वेळी मरणपंथालाच लागले होते. मोठ्या रस्त्यावर काचेचे शोरूम उघडल्यापासून त्याच्याकडे म्हातारे आणि शिवून घ्यायला आलेले शाळेच्या दप्तरांचे पट्टे एवढेच उरले होते. तो माझ्याकडे आला (हसला नाही), आणि नमुन्यासाठी एक बूट मागितला. डावा. मी दिला. आठवडाभर मी उजव्या पायात बूट आणि डाव्यात वहाण घालून फिरलो, आणि सांगायचे म्हणजे त्या आठवड्यात दोन मुली तशाच फिरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

आपल्याकडच्या मेंढीला लोकर कुठली, नुसते केस असतात. पण तमिळमध्ये मेंढी आणि बकरी दोघींनाही आडूच म्हणतात, त्यामुळे रघोजीची पंचाईत झाली नाही. त्याने बाहेरून बकरीचे कातडे लावले, आतून जुन्या घोंगड्या फाडून अस्तर दिले आणि हळदीसारखा रंग फासला. लोक त्यांना ‘आट्टु बूट’ म्हणू लागले. काय खप झाला, अक्का! परकरावरच्या अर्ध्या साडीखाली आट्टु बूट, चुडीदारखाली आट्टु बूट, मोपेडवरून जाणाऱ्या परिचारिका, बँकेतल्या बायका. आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, शोरूमवाले सवलतींचे फलक लावून बसले होते आणि बाया त्यांच्यासमोरून रघोजीच्या बोळात जात होत्या. एका लग्नात रिसेप्शनला नवरदेव सूट आणि आट्टु बूट घालून उभा होता, घाम असा की भटजी त्यास वारा घालीत होते. मोठ्या देवळाच्या दारात चपला सांभाळणारी बाई कातावली, म्हणाली, हे उभे राहतात, एकावर एक ठेवता येत नाहीत. संध्याकाळी तिथे बघावे तर दाराशी सगळे बूट दाटीवाटीने बसलेले, अगदी शेतातल्या मेंढरांसारखे. कार्तिकेयन त्याचाही फोटो काढायला आला. मायावरमहून खास. जेवायची वेळ होती म्हणून भागीरथीने त्यास पान वाढले. मला वाटले होते की ती परक्या मुलास चार प्रश्न विचारून घालवील. प्रश्न तिने विचारलेच, घरी कोण कोण, कावेरीपासून घर किती लांब, वत्तकुळंबु आवडते का. पण शेवटी त्यास पायसम दुसऱ्यांदा वाढले, तेव्हा मी समजलो की पायसम उरले असावे.

आणि मी? तू म्हणशील, आता तरी चिदंबर ताठ मानेने फिरला असेल. नाही. ज्याने ही गोष्ट तंजावुरात आणली त्याचे काय झाले ते ऐक. ओरत्तनाडुच्या त्याच बसमध्ये त्याच कंडक्टरने माझे पाय बघितले आणि मान हलवून म्हणाला, “तात्ता, ह्या वयात तुम्हालाही पोरींच्या फॅशनचे वेड?” मी सांगू लागलो की बाबा, मी आधी, त्या नंतर. कोणी ऐकेना. उलट शेजारच्या बाकावरच्या मुलीने माझे बूट निरखले आणि मैत्रिणीला म्हणाली, हे जुने मॉडेल आहे, रंग फिका पडला आहे. वाचनालयातही एकाने सल्ला दिला की रघोजीकडचे घ्या, अस्सल मिळतात. पाय शांत होते, तेव्हा वाद कशाला?

दीपावलीला तर कळस झाला. पहिल्या दीपावलीच्या जावयांना सासऱ्यांनी बूट दिले. रघोजीने दुकानाला दिव्यांची माळ लावली, घरच्या बायकांना, मेहुण्यांना कामाला बसवले, मागची खोली भरून बूट करून ठेवले. आणि मग पाऊस आला. ऐप्पसीचा पाऊस तू विसरली नसशील. तीन दिवस थांबला नाही, गल्लीत पोटरीभर पाणी. आट्टु बूट पाणी पिऊन फुगले, शिवण सुटली, आणि घोंगड्यांचा असा वास सुटला की बँकेत पंखे लावून दारे उघडी ठेवावी लागली. रंगही सगळा उतरला. त्या आठवड्यात तंजावुरातल्या यच्चयावत मुलींचे पाय पोटरीपर्यंत पिवळे झाले होते, जणू सगळ्यांना एकदमच हळद लागली आहे. लावण्याचेही. (तिला स्वतःचे हवे म्हणून तिने रघोजीकडून घेतलेच होते.) आठवडा संपला तेव्हा एकही मुलगी बुटांत दिसेना. जसे काही कधी घातलेच नव्हते.

रघोजीचे मला फार वाईट वाटले. मी छत्री घेऊन गेलो तर दुकान अर्धे बंद, आणि तो त्या खोलीत बुटांच्या ढिगाऱ्याकडे बघत बसलेला. छप्पर गळत होते. आम्ही दोघे, आणि कार्तिकेयन (तो त्या दिवशी कशासाठी आला होता ते मी विचारले नाही, पावसाचे फोटो म्हणाला), असे तिघांनी मिळून सगळा ढीग माडीवर नेला. मुलाने शर्ट काढून ठेवला आणि ओझी वाहिली. खाली येऊन रघोजी म्हणाला, “पंत, पोरींसाठी केले, पोरी गेल्या. आता हे कोणाच्या पायांत घालू?”

मी माझ्या पायांकडे बघितले. म्हणालो, “माझ्यासारख्यांच्या.”

तो हसला, पण दुसऱ्या दिवशी त्याने कात्री घेतली आणि एक जोडी घोट्यापाशी कापली, खाली रबराचा तळ लावला, रंग धुऊन टाकला. दिसायला तो जोडा नव्हे आणि चप्पल नव्हे, भाजलेल्या वांग्यासारखे काहीतरी. पण पाय आत जातो आणि सुखी होतो. मी डॉक्टरांना नेऊन दाखवला. त्यांनी पहिला जोडा स्वतःच्या आईसाठी मागितला. आता रघोजीकडे रोज कोणी ना कोणी म्हातारा येतो. आधी आजूबाजूला बघतो, मग विचारतो, ते मऊ आहेत का, पोरींचे उरलेले? पूर्वी लाजत होते, अक्का. आग होत होती सगळ्यांचीच, बोलत कोणी नव्हते. काल सकाळी पाऊस थांबला तेव्हा वाचनालयाच्या पडवीत आम्ही पाचसहाजण तसलेच जोडे घालून बसलो होतो. तिथे कोणी आमच्याकडे बघितलेसुद्धा नाही. इतके बरे वाटले.

तू पाठवलेले बूट अजून नवे दिसतात. ओल लागू नये म्हणून भागीरथीने त्यांत कापूर घालून ठेवला आहे. आता थांबतो. ती केव्हापासून सुपारी कातरत समोर बसली आहे, पत्र पुरे झाले की मोठ्याने वाचून दाखवायचे अशी तिची अट आहे. (नागरी लिपी घरात मलाच येते, त्यामुळे ही शिक्षाही मलाच.) सुरेंद्रास व सूनबाईस आशीर्वाद. तू गुडघ्यांस तेल लाव, आळस करू नकोस.

तुझाच धाकटा,
चिदंबर

ता. क. — हे पोस्टात उभा राहून लिहितो आहे. वरचे सगळे तिला वाचून दाखवले, हे दाखवलेले नाही. अक्का, एवढे लांबण ह्याच्यासाठीच होते. गेल्या रविवारी लावण्या माझ्याबरोबर राजवाड्यापर्यंत चालत आली, पुढे नव्हे, बरोबरीने. वाटेत म्हणाली की तिला त्या कार्तिकेयनशी लग्न करायचे आहे. मुलगा आपल्यातला नव्हे, मराठी तर नव्हेच. वडील नाहीत, आई मायावरमला फोटोचा लहानसा स्टुडिओ चालवते. मला तो पहिल्या दिवसापासून पसंत आहे, का ते तू वाचलेच आहेस. पण भागीरथीपुढे हे बोलायची माझी छाती नाही. ती ऐकते ते एकट्या तुझेच. तू तिला फोन कर. सुरुवात बुटांपासून कर, मग हळूच मुलाकडे ये. तिने विचारले तर चिदंबराला काही ठाऊक नाही असेच सांग.

आणखी एक ता. क. — वरचा ताजा कलम रद्द समज. पाकीट चिकटवायच्या आधीच भागीरथी रिक्षाने पोस्टात आली. तुला पाठवायची वाळवलेल्या सुंडक्काय वत्तलांची पिशवी मी घरी विसरलो होतो. मी लिहितो आहे हे तिने पाहिले आणि म्हणाली, “हे नवीन कधी लिहिलेत? वाचा.” पोस्टात सगळ्यांसमोर मला ते वाचावे लागले. सूर्यनारायणही शिक्का मारायचा थांबला. मी संपवले. ती जराही रागावली नाही. म्हणाली, “परवा तुलास्नानास मायावरमला गेले होते ते काय नुसते नदीत बुडी मारायला? मुलाच्या आईकडेच जेवले मी. बाई सरळ आहे. रसम पातळ करते, तेवढे शिकवीन.” मग मी विचारले की ठरले की काय सगळे? तर म्हणाली, “कसे ठरेल? मी त्यांना सांगून आले आहे की आमच्या घरात होकार मोठ्या अक्का देतात. समोर बसून. पत्राने चालत नाही, फोनने चालत नाही. तै महिन्यात, पोंगलनंतर, मुहूर्त आहे. अक्कांना लिहा.”

लिहिले. आता तिकीट काढ.